कैची मारली का?

आल्फ्रेड कोलासो माणसाला पहिल्यांदा भेटतात तेव्हा हात मिळवत नाहीत. शेजारी येऊन उभे राहतात आणि तळव्याने दंडाला बाजूने एक हलका धक्का देतात. तुम्ही हललात की मान डोलावतात, म्हणजे त्यांना वाटलं होतं तेच निघालं. मी कंपनीत रुजू झाले त्या दिवशी माझ्या एका हातात फाइल होती आणि दुसऱ्या हातात चहा. चहा फाइलवर गेला. कोलासो म्हणाले, "समोरून कोणी आलं असतं तर सावरला असता ना? बाजूची तयारी कोणाचीच नसते."

माणसांपुरतं असतं तरी चाललं असतं. पण उंच आणि अरुंद असं काहीही दिसलं की त्यांचा तळवा शिवशिवतो. ऑफिसातलं कपाट, कँटीनमध्ये एकावर एक रचलेल्या खुर्च्या, गणपतीच्या वर्गणीचा फलक. एका नातेवाइकाच्या लग्नात त्यांनी तीन मजली केकसुद्धा तपासला होता. ती गोष्ट खरी आहे. त्या लग्नातला त्यांचा कोट मी पाहिला आहे.

वस्तू हलली की पुढचा प्रश्न ठरलेला. "कैची मारली का?"

सायटीवर त्यांना कोणी कोलासो म्हणत नाही. कैचीसाहेब म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्यांना ते आवडतं.

आमची कंपनी पूल बांधते. मी प्लॅनिंगला आहे. कोणत्या दिवशी काय होणार याच्या याद्या करायच्या, आणि त्या दिवशी ते झालं नाही की का झालं नाही याच्या याद्या करायच्या, हे माझं काम. घरीही मी तशीच आहे. माझ्या मुलुंडच्या फ्रिजवर इतके कागद चिकटलेले असतात की त्याचा रंग कोणता ते आता आठवत नाही. कोलासो इरेक्शनला, म्हणजे लोखंडी गर्डर उचलून खांबांवर बसवायचे. त्यामुळे माझ्या 'का झालं नाही'च्या याद्यांमध्ये त्यांचं नाव सगळ्यात जास्त वेळा येतं.

कैची म्हणजे काय ते मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मी विचारलं नव्हतं. माझ्या टेबलावरची प्लास्टिकची फूटपट्टी घेतली, धारेवर उभी धरली, एक टोक टेबलाच्या कडेला दाबलं आणि दुसरं टोक मला खाली दाबायला सांगितलं. मी दाबलं. पट्टी खाली वाकली नाहीच. थोडं सहन केलं आणि एकदम बाजूला पलटी खाल्ली.

"भार आला वरून, पट्टी गेली बाजूने," कोलासो म्हणाले. "गर्डर म्हणजे हीच पट्टी. उंचीला मोठा, जाडीला फुसका. म्हणून एकटा उभा करायचा नाय. दुसरा आणायचा, बाजूला ठेवायचा, आणि दोघांच्या मधे फुलीसारखे अँगल मारायचे. ती कैची. मग दोघं एकमेकाला पडू देत नाय."

मी म्हटलं, एवढे मोठे पूल, त्यांच्यावरून ट्रक जातात, ते काय पडतात का असे? ते जरा दुखावले. म्हणाले, "पूल झाला की हत्ती न्या त्याच्यावरून. होईपर्यंत त्याला वारापण पुरतो, बाय."

ती पट्टी त्यांनी परत दिली नाही. गेली कित्येक वर्षं ती त्यांच्या खिशात आहे आणि वाढदिवसापासून मयतापर्यंत कुठेही बाहेर निघते.

कोलासो बसत नाहीत. मीटिंगमध्ये सगळे टेबलाभोवती बसलेले असतात आणि हे टेबलाभोवती फिरत असतात. जाताजाता पार्टिशन ढकलून बघतात, पडद्याचा स्टँड ढकलून बघतात. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सबनीस साहेब त्यामुळे बोलता बोलता मान वळवत राहतात, आणि मीटिंग संपल्यावर मानेला बाम लावतात. एकदा वैतागून म्हणाले, कोलासो, जरा बसा हो. कोलासोंनी खुर्ची बाजूने ढकलून पाहिली. "हिला चार पाय आहेत साहेब. कैची एकपण नाय." आणि चालू लागले.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, माणूस फक्त गमतीचा आहे. मलाही वाटायचं. मग तो रविवार आला.

आमचा पूल रुळांवरून जातो, पूर्वेकडून पश्चिमेकडे. रुळांवर गर्डर ठेवायचा तर गाड्या बंद ठेवाव्या लागतात, आणि तेवढ्या तासांचा ब्लॉक मिळवायला महिनेच्या महिने अर्ज करावे लागतात. ते अर्ज मी केले होते. त्या रविवारची यादी इतकी बारीक केली होती की चहा कोणी कधी प्यायचा तेही त्यात होतं. दोन गर्डर ठेवायचे होते. पहिला वेळेवर उचलला, वेळेवर खांबांवर टेकला. दुसरा ट्रेलरवर होता आणि ट्रेलर घाटकोपरला अडकला होता, कारण रस्त्यात कोणाची तरी मिरवणूक निघाली होती.

आम्ही थांबलो. पहिला गर्डर खांबांवर उभा, क्रेनचा हुक त्याला लावलेला. वेळ जात होता. शेवटी सबनीस साहेब म्हणाले, तारांनी चारी बाजूंनी ताणून बांधा, हुक सोडा, क्रेन मोकळी करा. दुसरा पुढच्या ब्लॉकला ठेवू. बाकीचे सगळे हो म्हणाले. मीही हो म्हटलं, कारण निदान अर्ध्या यादीवर तरी खूण झाली असती.

कोलासो हुकाखाली जाऊन उभे राहिले. तिथे उभं राहायचं नसतं हा नियम त्यांनीच लावलेला.

"जोडी आल्याशिवाय सोडायचा नाय," ते म्हणाले.

साहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग वरिष्ठांना फोन लावतो म्हणाले. तारा किती जाड आहेत ते सांगितलं. कोलासो म्हणाले, तार ओढते साहेब, धरत नाय. एकटा आहे तो. आम्ही सगळे निघून जाणार, आणि तो रात्रभर वाऱ्यात एकटा. साहेब म्हणाले, तो गर्डर आहे कोलासो, तुमचा मुलगा नाही. कोलासो हुकाखालून हलले नाहीत. शेवटी ब्लॉक संपायला थोडाच वेळ राहिला तेव्हा गर्डर परत उचलला आणि खाली जमिनीवर आणून निजवला. दिवस फुकट गेला. माझी सगळी यादी 'का झालं नाही'च्या रकान्यात गेली.

गंमत अशी की तो गर्डर ठेवला असता तर पडला असता की नसता हे आम्हाला कळलं नाही आणि आता कधीच कळणार नाही. त्या रात्री वारा सुटला होता का, यावर सायटीवर अजून दोन मतं आहेत. जी गोष्ट पडू दिली नाही तिचा पुरावा राहत नाही. सबनीस साहेबांनी कोलासोंशी बरेच दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं. कोलासोंना त्याचं काही नव्हतं. शेजाऱ्याशी न बोलायची त्यांना सवय होती.

त्या शेजाऱ्याची गोष्ट सांगायला हवी.

कोलासो मरोळच्या गावठाणातले, जुने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. आजूबाजूला काचेच्या इमारती उठल्या तरी त्यांची आळी अजून बैठी आहे, कोपऱ्यावर क्रूस आहे, आणि घराला घर लागून आहे. भिंतीपलीकडचं घर दुमिंग अंकलचं. दुमिंग अंकलच्या मुलाचं, मेल्विनचं, लग्न होतं. या लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात बांबूचा मांडव घालतात, आणि सगळे बाजा लावून विहिरीवर जातात, तिथून नवऱ्यामुलाच्या अंघोळीचं पाणी वाजतगाजत आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. तर सगळी आळी विहिरीवर गेली आणि कोलासो मांडवात एकटे राहिले.

त्यांनी मांडव ढकलून पाहिला. हलला.

लोक परत येईपर्यंत त्यांनी मांडवाला चारी बाजूंनी बांबूच्या कैच्या मारल्या होत्या. चारी बाजूंनी म्हणजे पुढच्याही बाजूने, जिथून आत यायचं होतं. बाजा वाजत आला आणि दारात अडला. ढोलवाला ढोलासकट फुलीत अडकला. मागे पाण्याचे हंडे घेऊन बायका, त्यांच्या मागे नवरामुलगा. वाजवणारे एकेक करून थांबले. दुमिंग अंकल घरात गेले, कोयता घेऊन आले आणि पुढच्या कैचीची दोरी कापली. वरात आत आली. मांडवाने थोडा वेळ विचार केला आणि मग सावकाश बाजूला कलला. त्याचा एक कोपरा सोरपोतेलच्या, म्हणजे डुकराच्या मटणाच्या, पातेल्यात गेला.

कोणाला लागलं नाही. लग्न छान झालं. पण त्या दिवसापासून कोलासो म्हणतात कैची कापली म्हणून पडला, आणि दुमिंग अंकल म्हणतात कैची बांधली म्हणून पडला. यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. कोलासोंची बायको रीटा आणि दुमिंग अंकलची नातालबाय मात्र भिंतीवरून वाट्या देतघेत राहिल्या. मेल्विन पुढे परदेशी गेला. आणि कोलासो ही गोष्ट सायटीवर वर्षातून एकदा तरी सांगायचे. शेवटी चिडून म्हणायचे, "इंजिनियर मी आहे का तो? पोस्टात होता म्हातारा."

आता मुद्द्यावर येते. यंदा कंपनीला कोकणात खाडीवरचा पूल मिळाला. लांबच लांब गर्डर, खाली पाणी, आजूबाजूला काहीच नाही. कोलासो या कामाची किती वर्षं वाट पाहत होते ते मला माहीत आहे. आमचे उपनगरातले पूल त्यांना कधी पुरेसे वाटलेच नाहीत. ते म्हणायचे, इथे दोन्ही बाजूंना बिल्डिंगी, गर्डर बिचारा घाबरायला पण मोकळा नाय. "खाडीवर वारा असतो, बाय. खरा वारा. तिथे एक पूल उभा केला ना, मग रिटायर झालो तरी चालेल."

रविवारचं विसरून, किंवा कदाचित रविवार आठवूनच, सबनीस साहेबांनी तिथल्या इरेक्शनसाठी कोलासोंचंच नाव सुचवलं. मला वाटलं, माणूस त्याच दिवशी बॅग भरेल. रिटायरमेंट जवळ आली होती, असा पूल पुन्हा मिळणार नव्हता.

कोलासो म्हणाले, बघतो.

पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतो. हे सांगताना ते शिडीवर होते. त्यानंतर म्हणाले, चर्चच्या छपराचं काम आहे. मग म्हणाले, रीटाच्या कोंबड्या आहेत. मी म्हटलं, कोंबड्या रीटाच्या आहेत ना? ते म्हणाले, हो, पण ऐकतात माझं. आणि कपाट ढकलून निघून गेले. रोज संध्याकाळी पाच वाजायच्या सुमाराला त्यांची अशी काही चुळबुळ व्हायची की बोलणं अर्धवट टाकून पळायचे. पूर्वी हा माणूस सायटीवरून हाकलल्याशिवाय जात नसे.

शेवटी साहेबांनी मला सांगितलं, उद्यापर्यंत हो की नाही ते घ्या, नाहीतर दुसरा माणूस पाठवतो, आणि मग कोलासो रडत आले तरी तो पूल त्यांना मिळणार नाही. मला अर्धवट रकाने सहन होत नाहीत. मी मेट्रो पकडली आणि मरोळला गेले.

रीटा दारातच भेटली. म्हणाली, आल्फी घरी नाही, भांडायला गेलाय. मी म्हटलं, कुठे? तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

मग तिने सांगितलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला नातालबाय गेली. अगदी अचानक, सकाळी कपडे वाळत घालताना. मेल्विन आला, आठवडाभर राहिला, परत गेला. त्यानंतर दुमिंग अंकल घराबाहेर पडेनात. चर्चमध्ये मिसाला जाईनात. रीटा ताट ठेवून यायची, ते तसंच परत यायचं. फादर येऊन बसले, नातेवाईक येऊन बसले, सगळे हळू आवाजात बोलले, अंकल भिंतीकडे बघत राहिले. मग एका संध्याकाळी आल्फी कामावरून आला, बूट न काढता पलीकडे गेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यांच्यासमोर उभं राहून म्हणाला, मांडव तुमच्यामुळे पडला.

"आणि अंकल उठले," रीटा म्हणाली. "उठून कोयता शोधायला लागले."

मी भिंतीपाशी गेले. पलीकडच्या ओट्यावर दोघं जमिनीवर बसले होते. हो, कोलासो बसले होते. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. दोघांच्या मधे खराट्याच्या काड्या आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडी. काड्यांचा हातभर मांडव उभा होता, वर काड्यांचंच छप्पर, आणि चारी बाजूंना बारीक बारीक कैच्या. पुढच्याही बाजूला. बाजूला एक रिकामं ताट होतं, माशाचे काटे कडेला काढून ठेवलेले.

"हात चालव, आल्फ्या," दुमिंग अंकल म्हणत होते. "एवढ्या वेळात मेल्विनचं लग्न लागून पोर झालं असतं."

"घाई केली म्हणून तर त्या वेळी पडला."

"बांधली म्हणून पडला."

"कापली म्हणून. तुम्हाला अक्कल असती अंकल, तर ढोलवाल्याला मागून घेतला असता."

"मागून? माझ्या पोराच्या लग्नात बाजा मोरीच्या दारातून?"

कोलासोंनी शेवटच्या कोपऱ्यात दोरा गुंडाळला आणि म्हणाले, झाला, आता हलवून दाखवा. दुमिंग अंकलनी हाताची बाही वर केली. पुढे वाकले. आणि तळव्याने, बरोबर बाजूने, मांडवाला धक्का दिला.

मांडव पडला.

अंकलच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मी भिंतीआड झाले. त्यांनी कोलासोंना सगळ्या इंजिनियर जातीवरून ऐकवलं, कॉलेजवरून ऐकवलं, त्यांच्या बापालाही मधे आणलं. कोलासो मान खाली घालून काड्या गोळा करत राहिले. म्हणाले, उद्या बघतो तुम्हाला. अंकल म्हणाले, उद्या ये, उद्या पण पाडतो.

पण मी भिंतीवरून पाहिलं होतं. शेवटच्या कोपऱ्यात कोलासोंनी दोरा गुंडाळला होता, गाठ मारली नव्हती. सायटीवर एक नट अर्धा आटा कमी आवळलेला दिसला तर अख्खी टोळी पुन्हा वर चढवणारा हा माणूस.

उठताना त्यांनी दुमिंग अंकलच्या खांद्याला तळव्याने हलकासा धक्का दिला. अंकलनी शिवी दिली. मग कोलासो वळले आणि त्यांना मी दिसले.

आम्ही आळीच्या तोंडापर्यंत चालत आलो. मी पुलाचं काही विचारलं नाही. क्रुसापाशी ते थांबले, खिशातली माझी फूटपट्टी काढली, उगाच वाकवून पाहिली.

"म्हातारा कालच्यापेक्षा कमी हलला," ते म्हणाले. "पण हलतो अजून."

मी विचारलं, मेल्विन कधी येणार? म्हणाले, कायमचा येतो म्हणतोय, ख्रिसमसपर्यंत. कागद अडकलेत म्हणतो. आधी म्हणाला होता सणाला येतो, सप्टेंबरात मावलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, सणाला. तो सण गेला.

"आणि खाडी?"

त्यांनी पट्टी परत खिशात घातली.

"जोडी आली नाय, बाय. हुक कसा सोडू?"

मेट्रोच्या जिन्याखाली उभं राहून मी सबनीस साहेबांना फोन लावला. म्हटलं, कोलासो येणार नाहीत. ते चिडले. म्हणाले, कारण काय सांगू वर, कोंबड्या? मी म्हटलं, त्यांचं इथे एक काम अडकलंय साहेब, गर्डर उभा आहे आणि हुक सोडता येत नाही. ते म्हणाले, आपला कुठला गर्डर? मी म्हटलं, आपला नाही. मरोळला, त्यांच्या घराशेजारी.

साहेबांचा आवाज खाली आला.

"एकटा आहे?" साहेबांनी विचारलं.

"एकटा."

"बरं. खाडीसाठी दुसरं नाव काढून ठेवा सकाळपर्यंत," ते म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता, "आणि कोलासोंना म्हणावं, सोडू नका."